निमंत्रण कोणाला मिळते? कॉलेज कॉन्फरन्सचा विस्तार आणि वाट्याचा हिशेब

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक चर्चा बारा महिने चालू असते. कोणती कॉन्फरन्स आता विस्तार करणार, कोणत्या विद्यापीठाला निमंत्रण जाणार आणि कोण मागे राहणार, याचे अंदाज बांधले जातात, याद्या तयार होतात, आणि त्या याद्यांत संघाची अलीकडची कामगिरी, स्टेडियमची क्षमता, जुने विजय यांना गुण दिले जातात. या याद्या मीही आवडीने वाचतो, परंतु त्यांतील बहुतेकांची मांडणी चुकीच्या टोकाकडून सुरू होते असे माझे मत आहे. निमंत्रण देणे हे आधीच्या सदस्यांच्या हाती असते आणि ते सदस्य मतदानाला बसतात तेव्हा त्यांच्यासमोर मुख्य प्रश्न एकच असतो: या नव्या विद्यापीठाला घेतल्यावर माझ्या वाट्याला येणारी रक्कम वाढेल की कमी होईल? हा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवला, तर गेल्या तीस-चाळीस वर्षांतील बरेचसे निर्णय समजतात.

मी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात, म्हणजे पुलमन या गावात, पदव्युत्तर शिक्षण घेतले. या विषयाकडे मी तटस्थ नजरेने पाहू शकत नाही हे वाचकांनी लक्षात ठेवावे. 2023 मध्ये पॅक-ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स फुटली, तेव्हा ज्या दोन विद्यापीठांना शेवटपर्यंत कोणीच बोलावले नाही, त्यांपैकी ते एक आहे.

या विषयाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा असा गट, जो आपसांत सामने खेळतो, स्वतःचा विजेता ठरवतो आणि सदस्यांच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्रितपणे विकतो. 1984 पर्यंत फुटबॉलच्या प्रक्षेपणावर एनसीएए या राष्ट्रीय संस्थेचे नियंत्रण होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला आणि ते नियंत्रण संपले. त्यानंतर हक्क विकण्याचे काम हळूहळू कॉन्फरन्सकडे आले. सभासदत्वाला आज जे मोल आहे, त्याचा उगम तेथे आहे.

आता वाट्याचा हिशेब पाहू. समजा, एका कॉन्फरन्समध्ये दहा विद्यापीठे आहेत आणि प्रक्षेपणातून वर्षाला 30 कोटी डॉलर येतात, म्हणजे प्रत्येकाला 3 कोटी. अकरावे विद्यापीठ आल्यामुळे वाहिनी 2 कोटी अधिक द्यायला तयार असेल, तर एकूण रक्कम वाढून 32 कोटी होते, पण प्रत्येकाचा वाटा साधारण 2 कोटी 91 लाखांवर येतो. जुन्या दहा सदस्यांना दरवर्षी प्रत्येकी सुमारे 9 लाख डॉलर सोडून द्यावे लागतात. अकराव्या विद्यापीठाचा संघ कितीही चांगला असला, तरी असा प्रस्ताव मंजूर होणे अवघड असते. उलट ते विद्यापीठ 5 कोटी आणणार असेल, तर त्याचा संघ तळाला असला तरी कोणाचा फारसा आक्षेप नसतो.

बिग ट्वेल्व्हने 2016 मध्ये जे केले, त्याइतके या हिशेबाचे स्पष्ट उदाहरण मला दुसरे दिसत नाही. त्या वेळी या कॉन्फरन्समध्ये दहा सदस्य होते. उन्हाळ्यात त्यांनी विस्ताराचा विचार जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये अकरा विद्यापीठांच्या प्रतिनिधींशी प्रत्यक्ष चर्चा केली. ह्यूस्टन, सिनसिनाटी, ब्रिगहॅम यंग, सेंट्रल फ्लोरिडा, कनेटिकट, कोलोरॅडो स्टेट, तुलेन, राइस, एसएमयू अशी नावे त्यांत होती. प्रत्येकाने आपल्या शहराची लोकसंख्या, विद्यार्थिसंख्या, नव्या बांधकामांच्या योजना असे सारे मांडले. ह्यूस्टनने तर त्याच हंगामाच्या पहिल्या सामन्यात बिग ट्वेल्व्हमधील ओक्लाहोमाला 33-23 असे हरवले होते. गुणवत्तेवर निमंत्रण मिळत असते, तर त्याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? 17 ऑक्टोबर 2016 रोजी सदस्यांनी कोणालाही न घेण्याचा निर्णय जाहीर केला. प्रक्षेपण करणाऱ्या कंपन्यांना या नव्या नावांसाठी पूर्ण वाट्याइतके पैसे मोजायचे नव्हते, आणि टेक्सास व ओक्लाहोमा यांसारख्या मोठ्या सदस्यांना त्याची विशेष गरज वाटत नव्हती.

पाच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनीच साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे, निमंत्रण स्वीकारले. बिग ट्वेल्व्हमध्ये आठ विद्यापीठे उरली. 10 सप्टेंबर 2021 रोजी ह्यूस्टन, सिनसिनाटी, ब्रिगहॅम यंग आणि सेंट्रल फ्लोरिडा या चौघांना निमंत्रण देण्यात आले. 2016 मध्ये परत पाठवलेली हीच विद्यापीठे होती. मधल्या काळात त्यांच्यात काही प्रगती झाली असेलही, पण खरा बदल निमंत्रण देणाऱ्यांच्या गरजेत झाला होता. म्हणूनच कोणी मला यादी दाखवली, की मी प्रथम विचारतो की देणाऱ्याची आज कोणती अडचण आहे.

बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सने 2014 मध्ये मेरीलँड आणि रटगर्स यांना सामावून घेतले, तेव्हा अनेकांना त्याचा अर्थ लागला नव्हता. 1869 मध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना खेळणारे विद्यापीठ म्हणून रटगर्सचे नाव इतिहासात आहे, परंतु फुटबॉलमधील बलाढ्य संघ म्हणून ते कधी ओळखले गेले नाही. उत्तर केबलच्या बिलात होते. बिग टेनने 2007 मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली होती. कॉन्फरन्सचा सदस्य ज्या भागात असेल, तेथील केबल कंपन्यांकडून या वाहिनीसाठी अधिक दर मिळत असे आणि ती रक्कम प्रत्येक ग्राहकाकडून वसूल होई, मग त्याने एकही सामना पाहिला नसला तरी. रटगर्समुळे न्यूयॉर्कच्या आणि मेरीलँडमुळे वॉशिंग्टन डीसीच्या आसपासची घरे त्यांच्या हिशेबात आली. आज केबलचे ग्राहक घटत आहेत आणि परिसरात घरे किती यापेक्षा सामना प्रत्यक्ष किती जण पाहतात याला महत्त्व आले आहे. पुढच्या निमंत्रणांचा अंदाज बांधताना हा बदल मोठा आहे, त्याकडे मी पुढे येईन.

राजकीय दबावही असतो. 1994 मध्ये बिग ट्वेल्व्ह आकाराला येत असताना टेक्सासमधून चौघांना प्रवेश मिळाला, त्यांत बेलर आणि टेक्सास टेक यांच्यामागे राज्यातील बड्या नेत्यांचे बळ होते. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स बेलरच्या माजी विद्यार्थिनी होत्या. टीसीयू, एसएमयू, राइस आणि ह्यूस्टन बाहेर राहिले. 2003 मध्ये एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, सिराक्यूजला घेण्याच्या बेतात होती, पण व्हर्जिनियाचे गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी व्हर्जिनिया टेकसाठी आग्रह धरला आणि ते निमंत्रण तिकडे वळले. सिराक्यूजला पुढे दहा वर्षे थांबावे लागले. पैशाच्या हिशेबाला वाकवणारे असे प्रसंग अपवादात्मक असले, तरी सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत ते विसरून चालत नाही.

आता पॅक-ट्वेल्व्हविषयी. ही कॉन्फरन्स 1915 मध्ये पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स या नावाने सुरू झालेल्या परंपरेतली. ओरेगन स्टेट पहिल्या दिवसापासून त्यात होते, वॉशिंग्टन स्टेट 1917 पासून. 30 जून 2022 रोजी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसमधील दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा केली आणि लॉस एंजेलिस हातचे गेले. उरलेल्या दहांना नवा प्रक्षेपण करार करायचा होता. त्या वेळच्या वृत्तांनुसार ईएसपीएन या क्रीडावाहिनीने प्रत्येकी सुमारे 3 कोटी डॉलरची तयारी दाखवली होती आणि विद्यापीठप्रमुखांनी 5 कोटींची मागणी केली. बोलणी थांबली. दरम्यान ऑक्टोबर 2022 मध्ये बिग ट्वेल्व्हने ईएसपीएन व फॉक्स यांच्याशी सहा वर्षांसाठी 228 कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे प्रत्येकी वर्षाला सरासरी 3 कोटी 17 लाख. बाजारात पैसा मर्यादित होता आणि तो उचलला गेला. पॅक-ट्वेल्व्हच्या हाती शेवटी ॲपलचा प्रस्ताव उरला. त्यात हमीची रक्कम कमी होती आणि बाकीचे पैसे सामने पाहण्यासाठी किती वर्गणीदार प्रेक्षक जमतात यावर अवलंबून होते.

जुलै 2023 च्या अखेरीस कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमध्ये परतले. 4 ऑगस्टच्या सकाळी उरलेल्या नऊ जणांनी करारावर सह्या करायच्या असे ठरले होते, पण त्याच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन (सिएटलमधील विद्यापीठ) बिग टेनमध्ये गेले आणि संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी पहिल्या काही वर्षांसाठी पूर्ण वाट्याच्या साधारण निम्म्या रकमेवर समाधान मानले. बिग टेनच्या जुन्या सदस्यांचा वाटा कमी होणार नाही अशी व्यवस्था झाली, आणि मगच दार उघडले. वर मांडलेला हिशेब येथे अक्षरशः लागू झाला.

वॉशिंग्टन स्टेटला का बोलावले नाही? पुलमन हे पलूस या प्रदेशातील गव्हाच्या टेकड्यांमधले छोटे विद्यापीठनगर आहे आणि सिएटलपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. बाजारपेठ म्हणून त्याची किंमत कमी ठरते. परंतु या विद्यापीठावरील निष्ठा मी जवळून पाहिली आहे. सामन्याच्या दिवशी सिएटल परिसरातून पाच-पाच तास गाडी चालवून आलेली कुटुंबे सकाळीच स्टेडियमजवळ तंबू टाकतात, परतताना विद्यापीठाच्या दुग्धालयातील कूगर गोल्ड चीजचे पत्र्याचे डबे घेऊन जातात, आणि तो डबा राज्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या घरी फ्रिजमध्ये दिसला, की ओळख नसतानाही बोलणे सुरू होते. ईएसपीएनच्या कॉलेज गेमडे या कार्यक्रमात, तो देशाच्या कोणत्याही गावातून होत असला, तरी मागच्या गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा ध्वज फडकतो. माजी विद्यार्थी आणि चाहते तो एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवतात आणि 2003 पासून हा क्रम चालू आहे. ज्या वाहिनीच्या पडद्यावर हा ध्वज दर आठवड्याला दिसतो, तिच्याच करारांत त्या विद्यापीठाचे मोल भरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. या निष्ठेला हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात जागा नाही.

पुढे वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट न्यायालयात गेले. कॉन्फरन्सचा कारभार आणि मालमत्ता सोडून जाणाऱ्यांच्या हाती असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हिटमन काउंटीच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम राहू दिला आणि त्यानंतर समझोता झाला. सप्टेंबर 2024 मध्ये वॉशिंग्टन स्टेटने सिएटलमध्ये वॉशिंग्टनला 24-19 असे हरवले. शेवटी गोलरेषेवर प्रतिस्पर्ध्याला अडवून मिळवलेला तो विजय मला अजूनही फार मोलाचा वाटतो, पण त्यामुळे कोणाचे मत बदलले नाही.

पॅक-ट्वेल्व्हमध्ये उरलेल्या चौघांपैकी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (म्हणजे बर्कली) यांना एसीसीने घेतले ते 1 सप्टेंबर 2023 रोजी, सोबत डॅलसच्या एसएमयूलाही. पंधरांपैकी बारा मते हवी होती. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात राहिले आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटने आपले मत बदलल्यावरच प्रस्ताव मंजूर झाला. येथेही व्यवस्था लक्षात घेण्यासारखी आहे. ईएसपीएनच्या करारात नव्या सदस्यांसाठी पूर्ण वाट्याइतकी वाढीव रक्कम देण्याचे कलम होते. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी आरंभी केवळ 30 टक्के वाटा स्वीकारला आणि एसएमयूने तर नऊ वर्षे प्रक्षेपणाचा पैसाच घेणार नाही असे मान्य केले. उरलेली रक्कम जुन्या सदस्यांकडे वळली. एसएमयूच्या श्रीमंत देणगीदारांमुळे हे शक्य झाले. एखाद्या विद्यापीठाने प्रवेशासाठी एवढी किंमत मोजावी, यावरून बाहेर राहण्याची भीती किती मोठी आहे ते कळते.

त्या मानाने नव्या पॅक-ट्वेल्व्हचा विस्तार मला अधिक समजूतदार वाटतो. एनसीएएच्या नियमांनुसार सर्वोच्च विभागातील कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारे किमान आठ सदस्य लागतात. 12 सप्टेंबर 2024 रोजी बॉयझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन दिएगो स्टेट येणार असल्याचे जाहीर झाले. मेम्फिस, तुलेन, साउथ फ्लोरिडा आणि टेक्सास-सॅन अँटोनियो यांनी मात्र आपल्या जागीच राहणे पसंत केले. बाहेर पडण्याचा दंड समोर होता आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या रकमेची हमी नव्हती. मग यूटा स्टेट आले, बास्केटबॉलसाठी गोंझागा आले आणि आठवी जागा टेक्सास स्टेटला मिळाली. 30 जून 2025 रोजी हा निर्णय झाला, कारण दुसऱ्या दिवसापासून सन बेल्ट कॉन्फरन्स सोडण्याचा दंड 50 लाखांवरून 1 कोटी डॉलर होणार होता. 1 जुलै 2026 ही या नव्या सदस्यांच्या प्रवेशाची तारीख. गोंझागा स्पोकेनमध्ये, पुलमनपासून दीड तासाच्या अंतरावर आहे. इतक्या जवळचे दोन संघ एकाच कॉन्फरन्समध्ये नियमित खेळणार, ही या सगळ्या घडामोडींत मला आनंद देणारी गोष्ट आहे.

पुढे कोणाला निमंत्रण मिळेल? माझे लक्ष एसीसीकडे आहे. तिच्या सदस्यांनी आपले प्रक्षेपण हक्क 2036 पर्यंत कॉन्फरन्सकडे सोपवले आहेत. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी त्याविरुद्ध दावे केले होते. मार्च 2025 च्या समझोत्यात बाहेर पडण्याची किंमत दरवर्षी उतरत जाईल असे ठरले, म्हणजे 2026 मधील 16.5 कोटी डॉलरवरून 2030-31 मध्ये 7.5 कोटींपर्यंत. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी असलेला 700 कोटींहून मोठा करारही 2030 च्या उन्हाळ्यापर्यंतचा आहे. या दोन तारखा इतक्या जवळ आहेत की पुढची मोठी हालचाल तेव्हाच होईल असे मला वाटते.

नावांपुरते सांगायचे, तर नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया यांचे पारडे मला जड दिसते. दोन्ही राज्ये मोठी आहेत, बिग टेन किंवा एसईसी यांचा एकही सदस्य तेथे नाही, आणि दोन्ही विद्यापीठे अमेरिकन विद्यापीठांच्या एएयू या संशोधनप्रधान संघटनेत आहेत, ज्या गोष्टीला बिग टेनमध्ये वजन असते. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांच्या राज्यांत एसईसीचे सदस्य आधीपासून आहेत. केबलच्या काळात त्यामुळे त्यांचे दार बंद झाले असते, पण आता प्रेक्षकसंख्या मोजली जाते आणि त्यांचे सामने पाहणारे खूप आहेत, म्हणून त्यांना वगळणे घाईचे होईल. नोट्र डेमचे नाव प्रत्येक यादीत अग्रभागी असते. फुटबॉलमध्ये ते स्वतंत्र आहे, 1991 पासून त्याचे घरचे सामने एनबीसीवर दिसतात, आणि स्वतंत्र राहून भागत असेपर्यंत ते वाटेकरी होणार नाही.

या सगळ्यात फुटबॉल सोडून इतर खेळांच्या विद्यार्थ्यांची जी ओढाताण होते, तिच्याविषयी मला तीव्रपणे वाटते. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, म्हणून लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला जाणे त्याला निभावते. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींना मधल्या वारी प्रवास करावा लागतो, त्यांचे तास बुडतात, आणि त्यांच्या सामन्यांसाठी कोणतीही वाहिनी हे करार करत नाही. यूसीएलएच्या जाण्याने बर्कलीचे नुकसान झाले म्हणून या दोन्ही संस्थांचा कारभार पाहणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी, यूसीएलएला वर्षाला 1 कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले, परंतु प्रवासात गेलेला वेळ असा भरून देता येत नाही.

फुटबॉलची सभासदत्वे वेगळी करावीत आणि बाकीचे खेळ जवळच्या विद्यापीठांबरोबर खेळावेत, असे माझे ठाम मत आहे. यात अशक्य काही नाही. नोट्र डेम एसीसीमध्ये फुटबॉल वगळून आहे, आणि नॉर्दर्न इलिनॉय 2026 पासून माउंटन वेस्ट कॉन्फरन्समध्ये केवळ फुटबॉलसाठी जात असून त्याचे इतर बहुतेक संघ जवळच्या होरायझन लीगमध्ये खेळणार आहेत. यूसीएलए, स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन आणि ओरेगन यांच्या पोहण्याच्या, टेनिसच्या, सॉफ्टबॉलच्या संघांना किनारपट्टीवरच आपसांत खेळू देण्यासाठी प्रक्षेपणाच्या करारांतील फारच थोडी रक्कम हलवावी लागेल. 2030 च्या सुमारास विद्यापीठप्रमुख नव्या करारांसाठी बसतील तेव्हा नव्या निमंत्रणांच्या प्रस्तावांबरोबर हा प्रस्तावही त्यांच्यासमोर मतदानाला यावा.